सोलर नंतर; आधी विहिरीवर रहाट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हापासून नागपुरात एक बेत वारंवार कानावर येतो: हिंगणा, काटोल नाहीतर उमरेड रोडला दोन एकर घ्यायचे, सोलर लावायचं, बोअर मारायचा आणि वेळ आलीच तर वर्षभर कोणाच्या दारात जायचं नाही. २०२० च्या टाळेबंदीने या बेताला आधीच खतपाणी घातलं होतं. बेत वाईट नाही. पण 'ऑफ-ग्रिड शेतघर' या नावाखाली सध्या जे विकलं जातं ते पाहून ही कामं रोज करणाऱ्या आम्हा मंडळींना राहवलं नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे. जागा कमी पडली तर आमची मतं कापा, आकडे कापू नका.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी. छतावर अनुदानातून बसवलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइन गेली की बंद पडतं. भर दुपारी, लख्ख ऊन असताना. हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून उलटा करंट लागू नये म्हणून लाइनचा व्होल्टेज गेला की इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळालं म्हणून संकटात दिवा लागेल असं नाही. त्यासाठी बॅटरीसकट हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर लागतो आणि महावितरणची लाइन व घर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच लागतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटात खुपसून जनरेटरची वीज घरात सोडणारे महाभाग अजून आहेत. त्या एका वायरने डीपीवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो.

जागा बघायला जाल तेव्हा दलालाला विहिरीबद्दल विचारण्याआधी नाला कुठून वाहतो ते विचारा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडची काय गत केली, ते जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. शिवाय नाल्याकाठची काळी कसदार जमीन पिकाला सोनं, घराला शत्रू. पावसात ती फुगते, मे महिन्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या आणि उकरलेल्या चरात तीच काळी माती परत भरू नका, मुरूमच भरा. हीच माती पुढे टाकीला, गोबर गॅसच्या घुमटाला आणि अर्थिंगलाही त्रास देणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

आता पाणी. यात चुकलं की बाकी सगळं फुकट.

हिंगणा-काटोल-कळमेश्वरचा भाग बेसाल्टचा. इथे पाणी खडकाच्या सांध्यात आणि वरच्या कुजलेल्या थरात असतं. म्हणून एका वावरात धो-धो पाणी आणि शेजारच्यात कोरडा बोअर, हे नेहमीचं आहे. संत्र्याच्या पट्ट्यात तर बोअर खोल खोल जात राहिले. ३०० फुटांवरचं पाणी वीज असेपर्यंतच तुमचं. इंडिया मार्क-२ हातपंप साधारण १५० फुटांपर्यंतच पाणी ओढतो. त्याखाली दांडा मारून माणूस थकतो, पाणी येत नाही. त्यामुळे जमीन घेताना चालू विहीर असलेली घ्या आणि तिची पातळी मे अखेरीस मोजा, दिवाळीत नाही. दिवाळीत सगळ्याच विहिरी तुडुंब असतात. विहिरीवर रहाट असावा, त्याच्या आसाला बेअरिंग असावं, आणि नायलॉनचा दोर एक वापरात, एक खुंटीला. रहाट हसण्यावारी नेणाऱ्यांना सबमर्सिबलचा कपॅसिटर जळाला की तो आठवतो.

रोजच्या वापरासाठी एक एचपीचा सोलर पंप बसवा, पण बॅटरीवर नव्हे. पॅनेलवरून कंट्रोलरमार्गे थेट. मोटर सुरू होताना तीन ते पाच पट करंट ओढते आणि घरचा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. दिवसा ऊन असताना १५-२० फुटांवरची ५,००० लिटरची टाकी भरून घ्यायची. रात्री ती टाकीच तुमची बॅटरी. टाकीवर सावली हवी, नाहीतर मे महिन्यात दुपारी नळाला हात लावता येत नाही. ज्यांना 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून पंप मिळाला आहे त्यांनी त्याच्या पॅनेलमधून परस्पर घरासाठी वायर ओढू नये. कंट्रोलर पंपासाठी बनवलेला असतो, तो जळतो, आणि वॉरंटीही जाते.

पिण्या-रांधण्यासाठी पावसाचं पाणी साठवा. हिशेब सोपा आहे. पाच माणसं, माणशी १० लिटर, म्हणजे रोज ५०. ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंत अडीचशे दिवस धरले तर १२,५००. गळती, पाहुणे आणि उशिरा येणारा मृग धरून २०,००० लिटरची टाकी करा: आतून १२ फूट लांब, ९ फूट रुंद, साडेसहा फूट खोल. नागपूरचा पाऊस साधारण १,००० मिलिमीटर. ५०० चौरस फूट छतावरून वाया जाणारं वगळून ३५,००० लिटरच्या वर पाणी मिळतं. पाऊस चाळीस टक्क्यांनी कमी पडला तरी टाकी भरते. टाकी जमिनीत करायची तर चारही बाजूंनी फूटभर मुरूम हवाच, आणि पावसाळ्यात ती कधी पूर्ण रिकामी ठेवू नका. बाहेरचं पाणी चढलं की रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाते आणि पाइप तुटतात.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चूक पुढे होते. त्यासाठी १०० लिटरचा ड्रम लावतात आणि त्याची तोटी बंद ठेवतात. एकदा भरला की ड्रम भरलेलाच राहतो, आणि आठवड्याने येणाऱ्या सरीबरोबर छतावरची कबुतरांची घाण सरळ टाकीत जाते. ड्रमच्या बुडाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक ठेवा. पाऊस थांबल्यावर तो आपोआप रिकामा होईल. ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी लावायला बहुतेक जण विसरतात आणि डेंग्यूचे डास तिथूनच टाकीत शिरतात.

शुद्धीकरणाला ग्रामपंचायत वापरते तीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते: १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे २०,००० च्या भरल्या टाकीला ५० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच ओता, अर्धा तास थांबा, मग पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट करा. पाण्याला फिकट पिवळा रंग आला पाहिजे. रंग आला नाही तर पावडर मेली असं समजा. उष्णतेने आणि दमटपणाने तिचा क्लोरीन उडून जातो. दोन-तीन वर्षांचा साठा करणारे शेवटी पाण्यात नुसता चुना टाकत असतात. छोटे घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, दरवर्षी बदला. आणि तो डबा बॅटरीच्या खोलीत ठेवू नका. वाफेने तांब्याची टोकं हिरवी पडतात, आणि बॅटरीचं अ‍ॅसिड त्यावर सांडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

बोअरचं पाणी प्यायचं असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या. विदर्भात, विशेषतः यवतमाळ-चंद्रपूरकडे, फ्लोराइडचा त्रास जुना आहे. उकळून तो जात नाही. पाणी आटतं तसं प्रमाण उलट वाढतं.

पाण्याचा आणखी एक गुपचूप गिऱ्हाईक आहे: कूलर. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कूलर चैनीत मोजता येत नाही. पण मोठा कूलर दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी सहज पितो. दोन गाई असतील तर त्यांचे शंभर लिटर वेगळे. म्हणजे घरचा बाकी वापर धरून उन्हाळ्यात विहिरीने रोज किमान साडेचारशे लिटर दिलं पाहिजे. ते देत नसेल तर छताला चुना मारा, पश्चिमेच्या भिंतीबाहेर मांडव घाला, दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावा. याने कूलरचे तास निम्मे होतात.

इंधनाचं गणित त्यामानाने थोडक्यात. दोन घनमीटरचा दीनबंधू गोबर गॅस पाच-सहा माणसांचा स्वयंपाक करतो, पण त्याला रोज ५० किलो ताजं शेण आणि तितकंच पाणी लागतं; म्हणजे चार-पाच जनावरं. एक गाय ठेवून दोन घनमीटरचा संच बांधणं म्हणजे पातेलं मोठं घेतलं म्हणून वरण जास्त होईल अशी आशा करणं. एलपीजीची शेगडी यावर चालत नाही, तिचं जेट बारीक असतं. गोबर गॅसचा बर्नर वेगळा घ्या. ज्योत फडफडली की गॅस संपला असं समजू नका, पाइपात पाणी साचलेलं असतं. पाइपाला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गॅस कमी होतो. तेव्हा पऱ्हाटी आणि तुऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं, कामी येतात. त्या पावसाआधी छपराखाली गेल्या पाहिजेत. घरात धूर कोंडू नये म्हणून चुलीवर छताबाहेर जाणारी चिमणी बसवा.

धान्य. पाच माणसांना वर्षाला साडेसात क्विंटल गहू-ज्वारी-तांदूळ, दीड क्विंटल डाळी, ५० किलोच्या आसपास तेल, २० किलो मीठ. साठवताना पहिली चूक ही की ऊन दाखवलेलं धान्य गरम असतानाच कोठीत भरतात. रात्री कोठीचा पत्रा थंड होतो, आत वाफ धरते, आणि वरचा चार बोटांचा थर बुरशीने काळा पडतो. उन्हातून काढलेलं धान्य रात्रभर पसरून निववा, सकाळी भरा. दाताखाली कडकन फुटलं तरच भरा. चेपलं तर अजून दोन उन्हं द्या. कोठी गळ्यापर्यंत भरा, कारण उरलेल्या हवेतच किडे जगतात. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून एक फूट अंतर.

अख्ख्या तुरीला आणि हरभऱ्याला टोका लवकर लागतो, कारण भुंगेरा अंडी सालीवर घालतो. भरडून डाळ केली की त्याचं बरंचसं फावत नाही. अख्खं कडधान्य ठेवायचंच असेल तर किलोला पाच मिली एरंडेल चोळा. तांदळापेक्षा धान टिकतं. कांडायची सोय ठेवा. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून जवस साठवा आणि महिन्यापुरतं गाळा. जातं नुसतं शोभेला ठेवू नका, टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून खरखरीत करून घ्या. गुळगुळीत झालेलं जातं पीठ पाडत नाही, ज्वारी चेचतं. किडे मारायला धान्यात ठेवतात त्या सल्फासच्या गोळ्या मात्र घरात नकोतच. त्यातून सुटणारा वायू दाराच्या फटीतून झोपायच्या खोलीत जातो आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे साप, हेही आलंच. चावलं तर आवळून बांधू नका, चिरू नका, पाय हलवू न देता थेट रुग्णालय. त्यापुरतं पेट्रोल गाडीत कायम हवं.

आता वीज, सगळ्यात शेवटी. सहा एलईडी, विजेची बचत करणारे बीएलडीसी चार पंखे, एक फ्रिज, मोबाइल-रेडिओ आणि थोडा मिक्सर, असं मिळून दिवसाला साडेतीन युनिट होतात. कूलर धरला तर पाच-सव्वापाच. तीन किलोवॉटचे पॅनेल मे महिन्यात बारा युनिटच्या आसपास देतात, म्हणून विकणारा मे महिन्याचा हिशेब दाखवतो. ऑगस्टच्या झडीत तेच पॅनेल दोन-तीन युनिटवर येतात. माप झडीचं घ्या. तेव्हा कूलर नसतो, फ्रिज बंद करता येतो, गरज दोन-सव्वादोन युनिटवर येते. दोन दिवस सूर्य दिसला नाही तरी साडेचार युनिट हाताशी हवेत. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी हे काम जेमतेम करते. १२ व्होल्ट १५० एएचच्या चार ट्यूब्युलर घेतल्या तर कागदावर ७.२ युनिट दिसतात, पण निम्म्याखाली उतरवल्या की त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे खरे ३.६. आणि बॅटरी सी-१० रेटिंगची, म्हणजे दहा तासांत उतरवून मोजलेली मागा. इन्व्हर्टरच्या दुकानात सी-२० ची (वीस तासांत उतरवून मोजलेली) सोलरच्या नावाखाली देतात, ती भराभर उतरवली की कमी भरते.

जाहिरातीत न लिहिलेली गोष्ट: तीन-पाच केव्हीएचा इन्व्हर्टर काहीही चालू नसताना ४०-६० वॅट खातो. चोवीस तासांत एक युनिटच्या वर. झडीतल्या दोन युनिटांतलं एक त्याच्या पोटात. म्हणून १२ व्होल्टची एक छोटी वेगळी बॅटरी, शंभर-दीडशे वॅटचं पॅनेल, त्यावर दिवे, मोबाइल आणि रेडिओ, असं स्वतंत्र सर्किट असावं. त्यात वायर जाड लागते. २० मीटर लांबवर पाच अँपिअर न्यायचे तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये दीड व्होल्ट जातो आणि दिवा मिणमिणतो. सहा स्क्वेअरची घाला. पॅनेलच्या बाजूला एसीचा एमसीबी वापरू नका. डीसीची ठिणगी विझत नाही, एमसीबी आतून वितळतो आणि दिसायला 'ऑफ' असतो. पॅनेल दक्षिणेकडे, २०-२१ अंशांच्या उतारावर.

उष्णतेने पॅनेल मे महिन्यात दुपारी सुमारे पंधरा टक्के कमी देतात, ते चालतं. बॅटरीचं चालत नाही. शिशाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्म्यावर आणते, आणि लिथियमची बऱ्याचदा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान चार्जिंगच थांबवते. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी दुपारी दोनला, ऐन ऊन असताना चार्ज घेत नाही याचं कारण हे. घराच्या उत्तरेची, जाड भिंतीची खोली तिला द्या, जोत्यापासून अडीच-तीन फूट उंच. अर्थिंग तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत: आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं, पॅनेलचं, घराचं. काळी माती सुकून सळीपासून सुटते, म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता आणि मृगाआधी मीटर लावून पाच ओहमच्या आत आहे का बघा. वळवाच्या विजा अर्थिंग तपासायला थांबत नाहीत.

कुंपणाच्या झटका मशीनचंही तेच. मातीत ओल नसली की रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर तार ओलांडून जातात, आणि मालक मशीनला शिव्या देतो. तारेला थेट लाइन जोडणं मात्र गुन्हा आहे. त्यात माणसं आणि वाघ दोन्ही मेले आहेत.

सुट्या भागांची एक पेटी करा आणि तिला कुलूप नको. पंपाचे दोन कपॅसिटर, फूट व्हॉल्व्ह, हातपंपाचे बकेट वॉशर, फ्लोट व्हॉल्व्ह, पॅनेलच्या वायरी जोडायचे एमसी-फोर कनेक्टर आणि त्यांचा क्रिम्पर, डीसी फ्यूज, गोबर गॅसचा कॉक, दहा लिटर बॅटरीचं पाणी. आरओचं पाणी बॅटरीत घालू नका.

हे सगळं झाल्यावर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तीन दिवस आणि ऑगस्टच्या झडीत तीन दिवस मेन स्विच पाडून राहून बघा. सकाळी सहाला लोड बंद करा, थोडं थांबा, टाकीची पातळी आणि बॅटरीचा व्होल्टेज वहीत लिहा. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी १२.२ च्या खाली दिसली तर ती निम्म्याहून जास्त उतरली आहे. अशा वेळी लगेच आणखी पॅनेल मागवू नका. रात्रभर काय चालू होतं ते शोधा. आधी फ्रिजच्या दाराचं रबर बघा. दारात कागदाची चिठ्ठी अडकवून ओढा. सहज निसटली तर दोष तिथेच आहे.

आपले,
विहीर-बोअर, सोलर आणि गोबर गॅसची कामं करणारे काही जण,
नागपूर